तावून सुलाखून न निघालेली माणसं

किचिजिरोला कुणी मित्र म्हणून घरी बोलावणार नाही. तो दारू पितो, खोटं बोलतो, भीती वाटली की जमिनीवर लोळण घेतो आणि भीती सरली की फुशारक्या मारतो. शुसाकू एन्डो या जपानी लेखकाच्या ‘सायलेन्स’ (1966) या कादंबरीत तो एका पोर्तुगीज पाद्र्याला चांदीच्या नाण्यांसाठी पकडून देतो. मग त्याच पाद्र्याच्या कोठडीबाहेर भर पावसात उभा राहून कन्फेशन ऐकून घ्या म्हणून गळा काढतो. पुन्हा छळाची वेळ येते, तो पुन्हा धर्म सोडतो. आणि पुन्हा परत येतो. वाचताना त्याची किळस येते, आणि ती यावी अशीच एन्डोची इच्छा आहे.

तरी ही कादंबरी मी आतापर्यंत तीनदा वाचली (विल्यम जॉन्स्टन यांच्या इंग्रजी भाषांतरात), ती याच माणसासाठी. कारण त्याच्या तोंडी एक तक्रार आहे, आणि लहानपणापासून ऐकलेल्या असंख्य प्रवचनांमध्ये मला तिचं उत्तर मिळालेलं नाही. त्याचं म्हणणं साधारण असं: देवाने मला जन्मतःच दुबळं केलं. छळ नव्हता त्या काळात जन्मलो असतो, तर मीही आनंदाने चर्चला जाणारा चांगला ख्रिस्ती म्हणून जगलो आणि मेलो असतो. आता मला सांगा, माझं काय चुकलं?

उत्तर द्यायच्या आधी आपल्या आसपासच्या चांगल्या माणसांची यादी डोळ्यांपुढे आणा. त्यातल्या किती जणांची खरंच परीक्षा झालेली आहे?

कादंबरीची पार्श्वभूमी थोडक्यात. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानला पोचला आणि पुढच्या काही दशकांत तिथे ख्रिस्ती धर्म चांगलाच पसरला. मग वारं फिरलं. 1614 मध्ये देशभर बंदी आली, पाद्र्यांना हाकललं गेलं, उरलेले लपले. 1637-38 च्या शिमाबारा उठावात ख्रिस्ती शेतकरी मोठ्या संख्येने होते. त्यानंतर राज्यकर्त्यांनी दारं पुरती बंद केली. गावोगाव लोकांना रांगेत उभं करून ख्रिस्ताची किंवा मारियेची प्रतिमा कोरलेल्या पट्टीवर पाय ठेवायला लावत. या पट्टीला ‘फुमिए’ म्हणतात. पाय ठेवला तर घरी जा. नाही ठेवला, किंवा ठेवताना चेहरा बदलला, तर पुढचं सगळं.

आपले गुरू ख्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी छळ होताच धर्म सोडला ही बातमी रॉड्रिग्ज या तरुण जेझुइट पाद्र्याला खरी वाटत नाही. म्हणून तो पोर्तुगालहून निघतो, गोवा आणि मकाव करत चोरून जपानला पोचतो. फेरेरा हे खरं पात्र आहे. 1633 मध्ये नागासाकीत खड्ड्यावर उलटं टांगल्यावर पाच तासांनी त्यांनी हार मानली. रॉड्रिग्जही ज्युझेप्पे कियारा या खऱ्या इटालियन जेझुइटावर बेतलेला आहे. कियारा 1643 मध्ये पकडला गेला आणि 1685 मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, जपानी नावाने वारला.

मी वसईचा. आमच्याकडे जपानमधला हा छळ पुस्तकातून येत नाही, चर्चच्या अल्तारावरून येतो. संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे. जेझुइटांकडे शिकले, त्यांच्यासोबत जपानला गेले, पण संघात त्यांना घेतलं गेलं नाही. मग व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांसोबत क्रुसावर भाल्यांनी मारले गेले. त्याआधी त्यांचा कान कापून गावोगाव धिंड काढली होती. 1862 मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. ‘संकटात माणसाचा कस लागतो’ हे वाक्य आम्ही त्यांच्या चित्राकडे बघत शिकलो.

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, हे मला बऱ्याच उशिरा जाणवलं. मराठीत त्यांसाठी दोन वाक्प्रचार आहेत. ‘कसाला लागणं’ म्हणजे कसोटीच्या दगडावर सोनं घासून बघणं. दगड सोनं बदलत नाही, फक्त ते सोनं आहे की पितळ ते सांगतो. ‘तावून सुलाखून निघणं’ यात मात्र आच आहे. सोनं तापतं, मळ जातो, बाहेर येतं ते आधीपेक्षा वेगळं असतं. पहिल्या वाक्प्रचारात संकट तुम्हाला उघड करतं, दुसऱ्यात घडवतं. नव्या करारात पेत्राच्या पत्रात अग्नीतून पारखलेल्या सोन्याचा दाखला आहे. पौल रोमकरांना लिहिताना संकटातून धीर, धीरातून शील आणि शिलातून आशा अशी साखळी मांडतो. दोन्ही ठिकाणी धरून चाललेलं असतं की शेवटी काहीतरी चकाकणारं हाती लागणार आहे. एन्डो विचारतो, पितळ निघालं तर? पितळेचं पुढे काय करायचं?

रॉड्रिग्ज जपानला येतो तेव्हा त्याच्या डोक्यात रक्तसाक्षींची चित्रं आहेत. स्वर्ग उघडलेला, देवदूत तुताऱ्या वाजवत आहेत, अशी. आणि बघायला काय मिळतं, तर मोकिची आणि इचिझो हे दोन गरीब शेतकरी भरतीच्या रेषेत खांबांना बांधलेले आहेत. पाणी चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. मोकिची गाणं म्हणतो, मग तेही थांबतं. दोघं मरतात, आणि समुद्र होता तसाच राहतो. पक्षी उडत नाहीत, आकाश फाटत नाही. कादंबरीच्या नावातली शांतता ही आहे.

त्याला खरा धक्का बसतो तो मात्र तुरुंगातल्या एका रात्री, आणि माझ्या मते हा प्रसंग विसाव्या शतकातल्या धार्मिक कादंबऱ्यांमधल्या सगळ्यात निर्दय प्रसंगांपैकी आहे. उद्या आपल्याला खड्ड्यावर टांगणार हे रॉड्रिग्जला माहीत आहे. अंधाऱ्या कोठडीत त्याला एक घरघर ऐकू येते. पहारेकरी दारू पिऊन घोरतोय असं वाटून त्याला हसू येतं. एकीकडे मी ख्रिस्तासारखा मृत्यूची वाट बघतोय आणि एकीकडे हा घोरतोय! मग संताप येतो आणि तो भिंतीवर मुठी आपटतो. तेव्हा फेरेरा येऊन सांगतो की ते घोरणं नाही. खड्ड्यावर उलटे टांगलेले ख्रिस्ती शेतकरी विव्हळत आहेत. कानामागे छोटी चीर देतात, म्हणजे रक्त थेंब थेंब गळत राहतं आणि मरण लवकर येत नाही. त्या शेतकऱ्यांनी धर्म कधीच सोडला आहे. तरी ते टांगलेलेच आहेत, कारण पाय ठेवायचाय तो रॉड्रिग्जने.

इथे एन्डोने कसोटीचा सगळा डावच उलटवला आहे. स्वतःचा जीव देण्याची तयारी रॉड्रिग्जने वर्षानुवर्षं केली होती. पण ज्या विषयाची तयारी केली त्याचा पेपरच येत नाही. प्रश्न असा येतो की स्वतःला शूर, पवित्र, चर्चशी एकनिष्ठ म्हणून बघायची जी हौस आहे, ती सोडायला तयार आहेस का? आणि त्याच्या धैर्याची किंमत दुसरेच कुणी देत आहेत.

माझ्या कामात ‘लोड टेस्ट’ नावाचा प्रकार असतो. सर्व्हरवर सेकंदाला हजारो रिक्वेस्ट सोडायच्या आणि तो कधी पडतो ते बघायचं. पडला म्हणून त्याला कुणी बेइमान म्हणत नाही. प्रत्येक सिस्टिम कुठल्या तरी आकड्याला पडतेच. बघायचं असतं ते पडताना तिने काय वाचवलं आणि पडल्यावर ती परत उभी राहते का, हे. आणखी एक गोष्ट, जी ज्युनियर लोक हमखास विसरतात. टेस्ट कुणी लिहिली आणि त्याला काय सिद्ध करायचं होतं, हेही बघावं लागतं. कादंबरीतला इनोउए हा अधिकारी असा टेस्ट लिहिणारा आहे. त्याला पक्कं कळलंय की पाद्री मेला तर हुतात्मा होतो आणि शेतकऱ्यांचा धर्म अजून घट्ट होतो. म्हणून तो पाद्र्यांना मारत नाही, मोडतो. मोडेपर्यंत आकडा वाढवत नेणारी परीक्षा ‘तुझ्यात मुळात काय होतं’ हे उघड करते, असं म्हणणं मला इंजिनिअर म्हणूनही पटत नाही. माणसाला सर्व्हर म्हणायला मलाही आवडत नाही, तेव्हा उपमा इथेच सोडतो.

एन्डोला हे कुठून सुचलं असेल? तो काही छळ सोसलेला माणूस नव्हता. 1923 चा जन्म, लहानपणी आईच्या इच्छेने बाप्तिस्मा. तो म्हणत असे की हा धर्म त्याला आईने अंगावर चढवलेल्या, मापात न बसणाऱ्या पाश्चात्त्य सुटासारखा वाटायचा. टाकून देता येईना आणि नीट बसेना. 1960 च्या सुमारास क्षयाने तो दीर्घकाळ इस्पितळात होता, फुप्फुसाच्या शस्त्रक्रिया झाल्या. नागासाकीत त्याने एक जुनी फुमिए पाहिली. तिच्या कडेच्या लाकडावर असंख्य पायांच्या अंगठ्यांच्या काळपट खुणा उमटल्या होत्या. ज्यांनी पाय ठेवायला नकार दिला त्यांची नावं चर्चने जपली. खुणा ज्यांच्या होत्या त्यांचं कुणी काहीच जपलं नव्हतं. एन्डोची कादंबरी या अंगठ्यांची आहे.

माझ्या घरातही असा एक अंगठा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

2009 मध्ये माझी धाकटी बहीण गेली. नऊ वर्षांची होती. आजारपण अकरा महिन्यांचं. त्या अकरा महिन्यांत घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असायचं: देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा बघतो. वाईट हेतूने कुणी म्हणत नव्हतं. डबे घेऊन यायचे, रक्त द्यायला रांग लावायचे, तीच माणसं. ती गेल्यावर मम्मी रोज सकाळच्या मिस्साला जायला लागली, अजून जाते. पप्पांनी चर्चला जाणं सोडलं. भांडण नाही, भाषण नाही, नास्तिक झाल्याची घोषणा नाही. फक्त जाईनासे झाले. मग गावाने निकाल लावला. मम्मी खंबीर निघाली, पप्पांचा विश्वास कच्चा निघाला. ‘निघाला’ हेच क्रियापद. जणू तो आधीपासून कच्चाच होता आणि बहिणीचं आजारपण ही ते तपासायची सोय होती.

दर रविवारी पप्पा आजीला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडतात आणि मिस्सा संपेपर्यंत समोरच्या बाजूला स्कूटर लावून बसतात. घर आठ मिनिटांवर आहे. 2 नोव्हेंबरला सगळा गाव कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन जातो. पप्पा आदल्या दिवशी, दफनभूमीत कुणी नसताना जाऊन दगड धुऊन येतात. मी एकदा विचारलं होतं, बाहेर का बसता. म्हणाले, “आजीला चालवत नाही ना आता.”

याला मी छुपी श्रद्धा वगैरे म्हणणार नाही. त्यांनाही ते आवडणार नाही. एन्डोने मला एवढंच दिलं, की मोडलेल्या माणसाकडे बघताना ‘आत काय निघालं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘मोडल्यावर हा काय करतोय’ हे बघायचं.

आणि याच कारणासाठी मार्टिन स्कोर्सेसीच्या सिनेमाचा (2016) शेवट मला खटकतो. सिनेमा चांगला आहे, काही ठिकाणी थोर आहे. किचिजिरोचं काम करणारा योसुके कुबोझुका तर कमाल. पण शेवटी रॉड्रिग्जचं प्रेत बौद्ध रिवाजाप्रमाणे जळत असताना कॅमेरा आत जातो आणि त्याच्या मुठीत मोकिचीने दिलेला इवलासा क्रूस दाखवतो. माझ्यासोबत सिनेमा बघणाऱ्या मित्राने सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे शेवटपर्यंत आत होताच म्हणायचा विश्वास! झालं, पितळ नव्हतं, सोनंच होतं. अडीच तासांहून जास्त वेळ एन्डोचा कठीण प्रश्न आपल्यापुढे धरल्यावर स्कोर्सेसी शेवटच्या मिनिटाला कसोटीचा दगड परत आणतो आणि सर्टिफिकेट देतो. कादंबरीत तो क्रूस नाही. मुठीत काय होतं हे बघायला एन्डो आपल्याला जाऊ देत नाही. मीही माझ्या वडिलांच्या मुठीत काही ठेवणार नाही.

पण एन्डोलाही काही प्रश्न विचारायला हवेत. 1633 च्या ऑक्टोबरात फेरेरासोबत त्याच शिक्षेला नाकाउरा ज्युलियान नावाचे जपानी जेझुइट होते. पोरवयात जपानचे दूत म्हणून गोव्यावरून थेट रोमला जाऊन पोपना भेटून आलेल्या चौघांपैकी एक, आता म्हातारे झालेले. ते खड्ड्यात मेले, पण नमले नाहीत. 2008 मध्ये चर्चने त्यांना धन्यवादित घोषित केलं. एन्डो कादंबरी लिहितो ती फेरेरावर, ज्युलियानवर नाही. त्याची निवड मला समजते. पण कादंबरीतल्या न मोडणाऱ्या माणसांना आतलं आयुष्यच नाही, हे मात्र खुपतं. मोकिची गातो आणि मरतो. रॉड्रिग्जचा सोबती गार्पे पाण्यात बुडवल्या जाणाऱ्या ख्रिस्तींच्या मागे पोहत जातो आणि मरतो. त्यांना संशय नाही, रात्री नाहीत. जणू गुंतागुंत ही फक्त दुबळ्यांची मालमत्ता. गोन्सालो गार्सियांना जेझुइटांनी नाकारलं, तेव्हा त्यांच्या मनात काय झालं असेल? नागासाकीच्या त्या लांब वाटेवर कापलेला कान ठणकत असताना? आमच्या गावच्या चित्रात ते शांत दिसतात. एन्डोच्या हाती दिले असते तर तेही चित्रच राहिले असते, अशी मला शंका आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. त्या रात्री खड्ड्यावर टांगलेले शेतकरी कोण आहेत? कादंबरीच्या सर्वोच्च क्षणी ते फक्त एक घरघर आहेत. एका युरोपीय पाद्र्याच्या आत्म्याचं काय होतं हे ठरवण्यापुरता त्यांच्या देहांचा उपयोग. रॉड्रिग्ज पाय ठेवतो, प्रतिमेतला ख्रिस्त त्याला तसं करायला सांगतो, कोंबडा आरवतो, पेत्राची आठवण जागी होते. हे सगळं विलक्षण आहे. पण सोडवलेली ती माणसं नंतर घरी गेली का, बायकामुलांकडे कशी बघू शकली, हे पुस्तक विचारत नाही. दुबळ्यांची बाजू घेणाऱ्या पुस्तकातही दुबळ्यांमध्ये पायऱ्या आहेतच.

तरी कादंबरीचा शेवट मला या दोन्ही तक्रारींपलीकडे नेतो. फुमिएच्या प्रसंगानंतर बरेच वाचक मनाने पुस्तक मिटतात. त्यापुढची काही पानं एका सरकारी अधिकाऱ्याच्या रोजनिशीची आहेत, आणि ती कंटाळवाणी आहेत. आज पहाऱ्यावर कोण होतं, कुणाला किती पैसे दिले, कोण आजारी पडलं. रॉड्रिग्ज आता ओकादा सान’एमोन आहे. मेलेल्या जपानी माणसाचं नाव, त्याचीच बायको, एदोतलं पहाऱ्यातलं घर. नोंदींमध्ये मध्येच येतं की सान’एमोनला धर्म नाकारल्याचं लेखी द्यायला सांगितलं आहे आणि तो ते लिहितो आहे. आता एकदा सोडलेला धर्म इतक्या वर्षांनी पुन्हा सोडायला का लावतात? रोजनिशीत कारण नाही. सरकारी कागदात नसतंच.

आणि त्याच घरात सान’एमोनचा चाकर म्हणून किचिजिरो आहे. त्याला तिथे राहायची सक्ती कुणी केलेली दिसत नाही. ज्याला चांदीसाठी विकलं त्याच्याच दारात हा माणूस म्हातारा होतो आहे. एक दिवस झडती होते आणि त्याच्या ताईताच्या पिशवीत ख्रिस्ती प्रतिमा सापडते. हे कुठून आलं, कुणी दिलं, सान’एमोनने का, अशी चौकशी चालू होते. घरातल्या सगळ्यांना एकेक करून विचारतात, सामान उलटंपालटं करतात, किचिजिरोला कोठडीत टाकतात. लिहिणारा अधिकारी हे सगळं त्या दिवसाच्या पहारेकऱ्यांच्या नावांसकट नोंदवतो आणि पुढच्या तारखेकडे वळतो.